वरचा आकडा का वाढतो? धमन्यांचा ताठरपणा आणि संगणकातील नाडी

"वरचा थोडा जास्त आहे, पण खालचा अगदी नॉर्मल आहे. वयाच्या मानाने ठीक आहे." रक्तदाब मोजून घरी आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येते. साठी ओलांडलेल्या व्यक्तीचा रक्तदाब १७०/७० आला तरी घरातील माणसे निश्चिंत असतात. शंभरात वय मिळवावे आणि तेवढा वरचा दाब चालतो असे समजावे, हा हिशेब पूर्वी अनेकांना तोंडपाठ होता. आजही तो पूर्णपणे गेलेला नाही.

हा हिशेब चुकीचा आहे. वरचा दाब वाढणे आणि त्याच वेळी खालचा दाब 'नॉर्मल' राहणे किंवा कमी होणे, या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच कारणाने घडतात. ते कारण म्हणजे महाधमनीला आलेला ताठरपणा. हा ताठरपणा दुखत नाही, बाहेरून दिसत नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत येत नाही. परंतु तो नाडीच्या लाटेत मात्र उमटतो. ही लाट वाचायची कशी, याचा अभ्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि आता संगणकाने त्याला मोठा हातभार लावला आहे. हा विषय थोडा तांत्रिक आहे, पण आपल्या घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून आज त्याची माहिती करून घेऊ.

महाधमनी म्हणजे नुसती नळी नव्हे

जुन्या शालेय पुस्तकांत जिला 'रोहिणी' म्हणत, तीच धमनी. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी ती महाधमनी. हृदय आकुंचन पावते तेव्हा दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलले जाते. त्यानंतर हृदय सैल पडते व पुन्हा भरून घेते. म्हणजे एका ठोक्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळातच रक्त बाहेर पडते. उरलेला दोन तृतीयांश वेळ हृदयातून महाधमनीत काहीच येत नसते. तरीही मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त मिळत राहते. हे कसे घडते?

याचे उत्तर इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७३३ साली दिले. घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्तदाब प्रत्यक्ष मोजणारा पहिला माणूस तो हाच. त्याने महाधमनीची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबाशी केली. बंबाचा दट्ट्या खाली-वर होतो, तेव्हा पाणी खरे तर तुटक तुटक यायला हवे. परंतु बंबाला हवेची बंद टाकी जोडलेली असे. दट्ट्या दाबला की काही पाणी पुढे जाई व काही टाकीतील हवेला दाबून तेथेच साठे. दट्ट्या वर आला की दबलेली हवा ते साठलेले पाणी पुढे ढकली. त्यामुळे धार अखंड राही. महाधमनी नेमके हेच करते. ठोक्याबरोबर ती फुगते, रक्त साठवते आणि हृदय विसावा घेत असताना आकसून ते रक्त पुढे सारते. १८९९ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑटो फ्रँक याने हीच कल्पना गणिताच्या भाषेत मांडली.

आता ही महाधमनी ताठर झाली तर काय होईल? ती ठोक्याबरोबर फुगणार नाही, म्हणून आतला दाब एकदम उसळेल. हा झाला वाढलेला वरचा दाब. शिवाय तिने फारसे रक्त साठवलेलेच नसल्याने ठोका संपताच दाब झपाट्याने खाली येईल. हा झाला कमी झालेला खालचा दाब. तरुण माणसाच्या १२०/८० या दाबात दोन आकड्यांमधील अंतर ४० असते. १७०/७० मध्ये तेच अंतर १०० होते. या अंतराला नाडीदाब म्हणतात. म्हणजेच अशा माणसाचा खालचा आकडा चांगला आहे म्हणून निश्चिंत राहायचे नसते, कारण दोन आकड्यांतील वाढलेले अंतर हीच ताठरपणाची खूण असते.

ताठरपणा येतो कसा?

महाधमनीच्या भिंतीत लवचीक तंतूंचे थर असतात. ते मुख्यतः गर्भावस्थेत व बालपणी तयार होतात. पुढे झिजले तर त्यांची भरपाई फारशी होत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर ठोके होतात आणि साठ वर्षांत सुमारे २२० कोटी. इतक्या वेळा ताणले गेल्यावर कोणताही लवचीक पदार्थ थकणारच. लवचीक तंतू तुटतात, त्यांचा भार चिवट व न ताणणाऱ्या तंतूंवर येतो आणि जोडीला भिंतीत चुना साचू लागतो.

हे थोड्याफार प्रमाणात सर्वांच्याच बाबतीत घडते. परंतु मधुमेह, बरीच वर्षे उपचाराविना राहिलेला उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, तंबाखू आणि आहारातील जास्त मीठ यांमुळे ही झीज लवकर व वेगाने होते. म्हणून पंचेचाळिशीच्या मधुमेही माणसाची महाधमनी साठीच्या माणसासारखी असू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताठरपणा आणि 'ब्लॉकेज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉकेजमध्ये धमनीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. ताठरपणात वाट मोकळी असते, पण भिंत कडक झालेली असते. दोन्ही विकार एकाच माणसात असू शकतात. मात्र ब्लॉकेज फुग्याने उघडता येते, तसा ताठरपणा कोणत्याही शस्त्रक्रियेने काढता येत नाही. म्हणूनच तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे आहे.

रक्त हळू, लाट वेगवान

मनगटावर बोट ठेवल्यावर जी नाडी लागते ती वाहते रक्त नव्हे, ती दाबाची लाट असते. रेल्वेच्या यार्डात शंटिंग चालू असताना इंजिनाने पहिल्या डब्याला धक्का दिला, की तो धक्का क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो. डबे मात्र हातभरच सरकतात. धमनीतही असेच घडते. महाधमनीत रक्त सरासरी सेकंदाला काही सेंटिमीटर ते फूटभर इतकेच पुढे जाते. दाबाची लाट मात्र सेकंदाला ५ ते १० मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावते.

या लाटेचा वेग भिंतीच्या कडकपणावर अवलंबून असतो. इंग्लिश वैद्य व शास्त्रज्ञ थॉमस यंग याने १८०८ साली हा संबंध मांडला. पुढे १८७८ साली मोन्स व कोर्टवेग या दोन डच अभ्यासकांनी त्याला आज वापरात असलेले सूत्र दिले. त्याचा सारांश असा : भिंत जितकी कडक व जाड तितकी लाट वेगवान, आणि धमनी जितकी रुंद तितकी लाट मंद. भिंतीचा कडकपणा चौपट झाला तर लाटेचा वेग दुप्पट होतो.

हा वेग मोजायची रीत सोपी आहे. एक संवेदक मानेच्या नाडीवर व दुसरा जांघेतील नाडीवर ठेवतात. लाट मानेत केव्हा पोहोचली व जांघेत केव्हा पोहोचली, यांतील फरक यंत्र मोजते. समजा हिशेबात धरायचे अंतर ५० सेंटिमीटर आहे. लाटेला ८० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ८० हजारांश, लागले तर वेग सेकंदाला सव्वासहा मीटर झाला. हा निरोगी तरुणाचा वेग होय. तेच अंतर ५० मिलिसेकंदांत कापले गेले तर वेग १० मीटर झाला. २०१२ साली युरोपातील तज्ज्ञांनी सेकंदाला १० मीटर ही धोक्याची रेषा मानावी असे ठरवले.

लाटेची आणखी एक खोड आहे. हौदात दगड टाकला की तरंग कडेला आपटून परत येतात. तशीच नाडीची लाट धमन्यांच्या फाट्यांवर व अरुंद टोकांवर आपटून हृदयाकडे परतते. महाधमनी लवचीक असेल तर ही परतीची लाट सावकाश येते. हृदय विसावा घेत असताना ती पोहोचते व हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरायला मदत करते. महाधमनी ताठर असेल तर मुळात उठणारी लाटच मोठी असते आणि परतीची लाटही लवकर येऊन, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच, त्याच्यावर आदळते. हृदयाला दुहेरी जोर लावावा लागतो व त्याची भिंत जाड होऊ लागते. मेंदू आणि मूत्रपिंड या अवयवांकडे रक्ताचा ओघ मोठा असतो. मोठ्या धमनीने न शोषलेले धक्के त्यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊन पोहोचतात. पक्षाघात, विस्मरण, मूत्रपिंडाचा ऱ्हास या विकारांशी ताठरपणाचे नाते आहे ते यामुळे.

हे नुसते तर्क नाहीत. जगातील १७ अभ्यासांतील पंधरा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१० साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. महाधमनीतील लाटेचा वेग सेकंदाला एक मीटरने जास्त असेल तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर आजाराचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आढळला. वय, रक्तदाब इत्यादी गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक उरला.

नाडीचा आलेख मागे का पडला?

नाडी पाहून रोग ओळखण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. युरोपात १८६० साली फ्रान्समधील एतिएन-ज्यूल मारे याने मनगटावरील नाडी कागदावर रेखाटणारे यंत्र बनवले. त्या यंत्रात सुधारणा करून मोठे काम केले ते लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. फ्रेडरिक अकबर महोमद यांनी. त्यांचे आजोबा शेख दीन महोमद हे मूळचे पाटण्याचे. मूत्रपिंडाचा कोणताही आजार नसलेल्या माणसांतही रक्ताचा ताण वाढलेला असू शकतो, हे महोमद यांनी १८७० च्या दशकात नाडीच्या आलेखावरून ओळखले. त्या वेळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र अस्तित्वातच नव्हते. दुर्दैवाने १८८४ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले.

१८९६ साली इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपने ऐकून वरचा व खालचा दाब ठरवण्याची पद्धत दिली. दोन आकडे झटपट मिळू लागले. ही फार मोठी सोय होती व तिने असंख्य प्राण वाचवले. परंतु त्या दोन आकड्यांच्या मधली लाट कशी चढते, कशी उतरते, हे पाहणे मात्र मागे पडले.

संगणक काय करतो?

लाटेचा आकार पुन्हा अभ्यासायचा तर एक अडचण येते. मनगटावर किंवा बोटावर दिसणारी लाट ही महाधमनीतील लाट नव्हे. वाटेत ती बदलते, परतीच्या लाटा तिच्यात मिसळतात. मग बोटावरील लाटेवरून महाधमनीविषयी कसे सांगायचे? खात्री करून घ्यायची तर प्रत्येकाच्या महाधमनीत नळी घालून दाब मोजावा लागेल. हजारो निरोगी माणसांवर असे करणे योग्यही नाही आणि शक्यही नाही. दुसरे असे, की प्रत्यक्ष माणसात एकच गोष्ट बदलून पाहता येत नाही. वय वाढले की ताठरपणा वाढतो, पण धमनीची रुंदी, हृदयाची गती, रक्तदाब हेही बदलते. लाटेतील कोणता बदल कशामुळे झाला, हे वेगळे काढणार कसे?

येथे संगणक कामाला येतो. संगणकात धमन्यांचे संपूर्ण झाड गणिताने उभे करता येते. महाधमनी हे त्याचे खोड. मान, हात, पोट, पाय यांच्याकडे जाणाऱ्या धमन्या या त्याच्या फांद्या. प्रत्येक फांदीचे लहान तुकडे पाडून त्या त्या तुकड्याची लांबी, रुंदी, भिंतीची जाडी व कडकपणा यांचे आकडे भरले जातात. हृदयाच्या टोकाला दर ठोक्याला किती रक्त येते ते सांगितले जाते. फांद्यांच्या टोकाला असंख्य सूक्ष्म वाहिन्यांचा मिळून जो विरोध होतो तो दर्शवला जातो. मग संगणक दोन साधे नियम पाळत हिशेब करत जातो : आत आलेले रक्त कोठे तरी गेलेच पाहिजे, आणि दाबातील फरक असेल तसे रक्त हलले पाहिजे. सेकंदाच्या अगदी लहान लहान भागांसाठी हा हिशेब केला की झाडाच्या कोणत्याही ठिकाणची नाडी आलेखावर दिसू लागते.

ही समीकरणे नवी नाहीत. लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७५ साली लवचीक नळीतील रक्तप्रवाहाची समीकरणे लिहिली होती, पण ती त्याला पूर्णपणे सोडवता आली नाहीत. १९५५ साली लंडनमध्ये जॉन वुमर्स्ली यांनी ठोक्यांनी हेलकावणाऱ्या प्रवाहाचे गणित मांडले. १९६९ साली नेदरलँड्सच्या निको वेस्टरहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या मंडलातून धमन्यांच्या झाडाची नक्कल केली. १९८० साली अल्बर्टो अव्होलिओ यांनी १२८ तुकड्यांचे झाड संगणकात मांडून दाखवले.

यापुढचा टप्पा म्हणजे आभासी माणसे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पीटर चार्लटन, जॉर्डी अलास्ट्रुए व सहकाऱ्यांनी २०१९ साली ४,३७४ आभासी निरोगी व्यक्तींच्या नाडीचा संग्रह प्रसिद्ध केला. २५ ते ७५ या वयांतील दर दहा वर्षांचा एक, असे सहा गट त्यांनी केले. प्रत्येक गटात हृदयाची गती, दर ठोक्याचे रक्त, लाटेचा वेग, धमनीची रुंदी इत्यादी गोष्टी कमी-जास्त करून ७२९ व्यक्ती उभ्या केल्या. या व्यक्तींना जन्म नाही, आजार नाही, वेदना नाहीत. मात्र एक मोठा फायदा आहे. त्यांच्या महाधमनीचा ताठरपणा नेमका किती, हे आधीच ठाऊक आहे, कारण तो आकडा शास्त्रज्ञांनीच भरलेला आहे. परीक्षेआधी उत्तरपत्रिका हाती असावी तसे हे आहे. बोटाच्या नाडीवरून ताठरपणा ओळखण्याची एखादी नवी पद्धत निघाली, की ती प्रथम या हजारो आभासी व्यक्तींवर लावून पाहता येते. उत्तर चुकले तर कोणाचेही नुकसान न होता ते कळते, आणि का चुकले हेही शोधता येते.

रुग्णाला याचा उपयोग काय?

पहिला उपयोग असा, की मनगटाच्या नाडीवरून हृदयाजवळचा दाब काढता येतो. तरुणांत दंडावरील वरचा दाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा बराच जास्त असू शकतो. हृदयाला, मेंदूला सोसावा लागतो तो हृदयाजवळचा दाब. त्याचा अंदाज देणारी यंत्रे काही मोठ्या रुग्णालयांत व संशोधन केंद्रांत वापरली जातात.

दुसरा उपयोग चाळणी-तपासणीचा. कोरोनाच्या साथीत २०२० व २०२१ मध्ये घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्याचा प्रकाश बोटातील नाडीची लाटच टिपत असतो. काही मनगटी घड्याळेही हेच करतात. या लाटेच्या आकारावरून ताठरपणाचा अंदाज बांधता येईल का, हे आभासी व्यक्तींच्या मदतीने तपासले जात आहे. जेथे मोठे यंत्र नेणे शक्य नाही अशा ग्रामीण भागाला हे विशेष उपयोगी पडेल. आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील आरोग्य-तंत्रज्ञान केंद्राने 'आर्टसेन्स' नावाचे यंत्र विकसित केले आहे. ते सोनोग्राफीचे चित्र न काढता, ध्वनिलहरींनी मानेतील धमनी ठोक्याबरोबर किती फुगते ते मोजते.

तिसरा उपयोग विशिष्ट रोग हुडकण्याचा. महाधमनी जन्मतः एखाद्या ठिकाणी अरुंद असेल तर जांघेतील नाडी मनगटापेक्षा उशिरा व क्षीण लागते. लहान वयात रक्तदाब वाढलेल्या रुग्णाची डॉक्टर मनगटाची व जांघेची नाडी एकाच वेळी पाहतात ती यासाठीच. पोटातील महाधमनी फुग्यासारखी फुगली असेल किंवा पायाची धमनी अरुंद झाली असेल तरी लाटेत फरक पडतो. असे फरक संगणकाला ओळखायला शिकवण्याचे प्रयोग वेल्समधील स्वान्सी विद्यापीठासह अनेक ठिकाणी आभासी रुग्णांवर झाले आहेत.

चौथा उपयोग प्रत्यक्ष रुग्णसेवेत आलाच आहे. तो ताठरपणाचा नसून ब्लॉकेजचा असला तरी तत्त्व तेच आहे. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्या हृदयाच्या धमन्या संगणकात उभ्या करून, ब्लॉकेजपुढे दाब किती उतरतो याचा हिशेब करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली परवानगी दिली. त्यामुळे काही रुग्णांची नळी घालून करायची अँजिओग्राफी टळू शकते.

मर्यादाही लक्षात घ्या

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? संगणकात जे आकडे भरले, त्यांपलीकडचे ज्ञान त्यातून निघत नाही. आभासी व्यक्तींसाठी वापरलेली मापे बव्हंशी पाश्चात्त्य देशांतील लोकांच्या अभ्यासातून आली आहेत. आपली शरीरयष्टी, आपल्याकडे लवकर येणारा मधुमेह यांचा विचार करून मापे घ्यावी लागतील. आभासी व्यक्तींवर यशस्वी झालेली पद्धत खऱ्या रुग्णांवर पुन्हा पडताळावी लागते. थंडीने गार पडलेले बोट, सैल बसलेले घड्याळ, अनियमित ठोके यांनी लाट बिघडते. घड्याळाने 'आपल्या धमन्यांचे वय' दाखवले म्हणून घाबरून जाऊ नये. चांगले वय दाखवले म्हणून चालू असलेली गोळी तर मुळीच बंद करू नये.

मग आज आपण काय करावे?

लाटेचा वेग मोजणारी तपासणी आज सर्वत्र उपलब्ध नाही, आणि सर्वांनी ती करून घेण्याची गरजही नाही. ताठरपणाचा पहिला इशारा देणारे साधन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. ते म्हणजे रक्तदाबाचे यंत्र. फक्त दोन्ही आकडे लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत.

१) रक्तदाब मोजताना दोन्ही आकडे लिहून ठेवा व त्यांची वजाबाकी करा. साठीपुढे हे अंतर वारंवार ६० किंवा अधिक येत असेल तर डॉक्टरांच्या नजरेस आणा.

२) मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी घेऊ नका. लघवी तुंबलेली नसावी. पाठीला आधार, पाय जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीत असावा. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा दाब पाहावा.

३) फक्त वरचा दाब वाढला असला तरी उपचार लागतात. अमेरिकेत साठ वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांचा वरचा दाब वाढलेला व खालचा दाब ९० च्या आत होता. औषध घेणाऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. शंभर अधिक वय हा हिशेब चुकीचा ठरतो तो येथे.

४) वृद्धांचा दाब एकदम उतरवणेही योग्य नाही. खालचा दाब फार घसरत असेल, उठून उभे राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. डोस ते ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी वाढवू किंवा सोडू नका.

५) मीठ कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे. चीनमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत, मीठ कमी खाणाऱ्या ग्वांगझूकडील लोकांची महाधमनी बीजिंगकडील लोकांपेक्षा कमी ताठर आढळली होती. लोणचे, पापड, फरसाण, खारे दाणे, सुकी मासळी यांतील मीठही हिशेबात धरा.

६) रोज अर्धा तास भरभर चाला. चालण्याच्या नियमित व्यायामाने मध्यमवयीन व वयस्कर पुरुषांच्या धमन्यांची लवचीकता तीन महिन्यांत सुधारल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले.

७) तंबाखू, बिडी, सिगारेट, मिशेरी यांपैकी काहीही असो, सोडा. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवा व मूत्रपिंडाची तपासणी वेळच्या वेळी करून घ्या.

संगणकातील आभासी माणसाचा ताठरपणा एक आकडा बदलून कमी करता येतो. खऱ्या माणसाला त्यासाठी वर्षानुवर्षे मीठ, व्यायाम व औषधे यांचे पथ्य पाळावे लागते. संशोधन पुढे जाईल, यंत्रे स्वस्त होतील, आपल्या गावापर्यंत येतीलही. तोपर्यंत "वरचाच तर वाढलाय" असे म्हणून घरातील कोणाचीही तपासणी पुढे ढकलू नका.